अरे तो स्टिकर नेमका तिथेच का?

इम्पोर्टेड चॉकलेट घ्या नाहीतर कोरियन नूडल्स, आयातदाराचा पत्ता, एफएसएसएआयचा (म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका असलेला तो पांढरा स्टिकर लावायला अख्खं पाकीट मोकळं असतं, पण बसणार बरोब्बर घटकांच्या यादीवर! मूळ माहिती झाकायची नाही असा नियम आहे ना? मग शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने काय दुकानात नखाने खरवडत बसायचं? आणि खरवडलं की निघते यादीच, स्टिकर ढिम्म! कस्टम्समधून सुटताना म्हणे ६० टक्के शेल्फ लाइफ किंवा ३ महिने, जे कमी असेल ते, शिल्लक लागतं. छान. पण एक्सपायरीच झाकलीत तर आम्ही काय बघायचं, कपाळ? दुकानदार म्हणतो, साहेब, वरनंच असं येतं. वरनं म्हणजे कुठनं रे बाबा?