२०२२ ला शिव्या घालण्याआधी १९५६ बघा

डिसेंबर लागला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर न चुकता येतो. इकडे कापसाचा वेचा चालू, तूर शेंगांनी वाकलेली, आणि सकाळी फोन उघडला की हा हजर: "२०२२ हे शापित साल होतं. एका वर्षात इतकी मोठी माणसं इतिहासात कधीच गेली नाहीत. सगळी अकाली गेली. अशी माणसं आता जन्माला येणार नाहीत." खाली पंचवीसेक नावं, प्रत्येकापुढे जोडलेले हात. शेवटी दहा जणांना पाठवायची तंबी. यंदा तो खुद्द मोठेबाबांनी टाकला, म्हणून उत्तर देणं भाग पडलं.

आधी यादीच बघू. तीत दिलीपकुमार आहेत, मिल्खा सिंग आहेत. दिलीपकुमार ७ जुलै २०२१ ला गेले, मिल्खा सिंग त्याच्या एकोणीस दिवस आधी, १८ जून २०२१ ला. हात जोडताना निदान साल तरी पाहायचं!

आता "इतिहासात कधीच नाही" हे वाक्य. आम्ही वलगावकडचे. अमरावतीला कापूस न्यायचा तर पेढी नदीचा पूल ओलांडावा लागतो. त्या पुलाजवळच २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी गाडीत प्राण सोडला. त्याआधी चौदाच दिवस, ६ डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेब गेले होते. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोकांना धम्मदीक्षा देऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. माझी आजी सांगायची की त्या पंधरवड्यात एक सुतक फिटायच्या आत दुसरं आलं. आमच्याच भागातला हा डिसेंबर, आणि तो ज्यांच्या घरात सांगितला जायचा तीच मंडळी "कधीच नाही" असं पुढे ढकलतात, याचं मला खरं नवल वाटतं.

आणि १९५६ म्हणजे काही नुसता डिसेंबर नाही. फेब्रुवारीत १६ तारखेला शास्त्रज्ञ मेघनाद साहा गेले, १९ ला समाजवादी विचारवंत आचार्य नरेंद्र देव, २७ ला लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. बारा दिवसांत तिघे. २० मार्चला कवी बा. सी. मर्ढेकर. विज्ञान, राजकारण, संसद, कविता, समाजकारण आणि कीर्तन, सगळीकडचं कुणी ना कुणी त्या एका सालात गेलं. तरी त्या सालाला कुणी शापित म्हटल्याचं मी ऐकलं नाही. व्हॉट्सॲप नव्हतं, हे एक कारण असावं.

"सगळी अकाली गेली" हा मुद्दा तर उलटाच निघतो. लता मंगेशकर ९२ वर्षांच्या होत्या, एन. डी. पाटील ९२, रमेश देव ९३, शिवकुमार शर्मा ८४, बिरजू महाराज ८३, पेले ८२, गोर्बाचेव्ह ९१. शेन वॉर्न ५२ व्या वर्षी गेला, त्याला अकाली म्हणा, मीही म्हणेन. पण १९५६ च्या वर सांगितलेल्या सहा जणांत गाडगेबाबा सोडले तर एकानेही सत्तरी पाहिली नाही. मर्ढेकर तर ४६ चे होते.

यादीतच एक गंमत दडली आहे. एन. डी. पाटील, रमेश देव आणि लताबाई, तिघांचा जन्म १९२९ चा. तिघे गेले १७ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या वीस-एकवीस दिवसांत. यात शनीचा हात शोधायची गरज नाही. एकाच मिरगात पेरलेलं शेत एकाच हंगामात सवंगणीला येतं. रेडिओ, सिनेमा आणि स्वातंत्र्यानंतरच्या चळवळींनी ज्या पिढीला घराघरांत पोचवलं, ती पिढी आता नव्वदीत आहे. आजीच्या तरुणपणी गावात ओळखीची "मोठी माणसं" बोटांवर मोजण्याइतकी. आपल्याला हजार माहीत, त्यामुळे दरसाल यादी लांबतच जाणार. २०२२ च्या जागी पुढचं कुठलंही साल घाला, मजकूर चालून जाईल.

राहिलं "अशी माणसं आता होणार नाहीत". याच यादीत सिंधुताई सपकाळ आहेत. ४ जानेवारीला पुण्यात गेल्या, म्हणून त्यांच्यापुढे कुणीतरी "पुणे" लिहून टाकलंय. अहो, बाई आपल्या वर्ध्याकडची! नको असलेली पोर म्हणून नाव पडलं चिंधी, शाळा चौथीपर्यंत, लग्न लहानपणीच. नवऱ्याने पोटुशी असताना घराबाहेर काढलं, गोठ्यात बाळंत झाली, पुढे रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितली. मग चिखलदऱ्याला आदिवासींसाठी भांडली, अनाथ लेकरांची माय झाली. २०२१ ची पद्मश्री मिळाली ती सत्तरी ओलांडल्यावर. ती गोठ्यात पडली होती तेव्हा पारावरच्या कुणाला विचारलं असतं, तर ही बाई उद्याच्या यादीत येईल असं म्हणाला असता का? मग आज कोणत्या गोठ्यात कोण आहे, हे मजकूर लिहिणाऱ्याला कसं कळलं?

दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. लताबाई गेल्या त्या दिवशी आमच्या वावरात वेचणाऱ्या बायांनी फोनवर त्यांचीच गाणी लावली होती, आणि दुपारपर्यंत कुणी ती बदलली नाहीत.

हे सगळं मी गटावर टाकलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चुलतभावाचं आलं, "हे मर्ढेकर कोन होते रे भाऊ?" त्याला दोन ओळी लिहून पाठवल्या. मोठेबाबांनी रात्री फक्त अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर परत आला. दिलीपकुमार काढले होते. मिल्खा सिंग अजून तिथेच होते.