रोमचा इजिप्त : फौजेपेक्षा वेठीवर चाललेला प्रांत

रोमने इजिप्तसारखा दूरचा प्रांत निव्वळ फौजेच्या धाकावर ताब्यात ठेवला, तेथे लॅटिन लादली आणि गावोगावी रोमन अधिकारी नेमले, असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

भाषेचे विधान तर सहज खोडता येते. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या हाती आला, तेव्हा तेथील दप्तर सुमारे तीन शतके ग्रीकमध्ये चालत होते आणि रोमने ते तसेच चालू ठेवले. लॅटिन मुख्यतः लष्करात आणि रोमन नागरिकांच्या काही कायदेशीर दस्तऐवजांत दिसते.

फौज होती, पण आरंभीच्या तीन लीजनांपैकी (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांपैकी) इ.स. २३ पर्यंत दोनच उरल्या आणि दुसऱ्या शतकात बहुतेक काळ एकच होती. सम्राटांना तेथील प्रजेइतकीच स्वतःच्या सिनेटरांचीही भीती वाटत असावी, कारण परवानगीवाचून त्यांना या धान्यसमृद्ध प्रांतात पाऊल ठेवता येत नसे. इ.स. १९ मध्ये सम्राट तायबेरियसचा दत्तक मुलगा जर्मानिकस खुद्द न विचारता इजिप्तच्या राजधानीत, अलेक्झांड्रियात गेला, तेव्हा तायबेरियसने त्यालाही सुनावले.

खरा घोळ अधिकाऱ्यांविषयीच्या विधानात आहे. प्रीफेक्ट, म्हणजे सम्राटाने नेमलेला प्रांताचा प्रमुख, आणि त्याच्याखालचे मोजके वरिष्ठ अधिकारी बाहेरून येत. परंतु ‘नोम’ म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख, स्ट्रॅटेगोस, हा प्रांतातल्याच ग्रीकभाषक वर्गातला असे, आणि दुसऱ्या शतकापर्यंत गावपातळीवरील करवसुलीसारखी कामे तेथल्याच ऐपतदार माणसांवर सक्तीने व बिनपगारी सोपवली जात. वसुलीत तूट आली, तर ती त्यांच्या मालमत्तेतून भरून घेत. याला स्थानिक स्वराज्य म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. ही वेठच होती. दर चौदा वर्षांनी घरोघर होणाऱ्या शिरगणतीवर डोईपट्टी ठरे, आणि तिच्यातून रोमन व अलेक्झांड्रियाचे नागरिक मात्र सुटत.

दाद मागण्याची वाट होती, पण तिच्यावरची गर्दी पाहावी : तिसऱ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधल्या आर्सिनोए या शहरी प्रीफेक्टकडे जेमतेम तीन दिवसांत १,८०४ अर्ज आले. पुष्कळांनी अर्जाऐवजी पळ काढला. इ.स. ३०० च्या सुमारास देवाला कौल लावताना विचारायच्या प्रश्नांची एक यादी पपायरसवर सापडली आहे. तिच्यात ‘मी भिकारी होईन का?’ याच्या जोडीला ‘मी पळून जाईन का?’ हाही ठरीव प्रश्न आहे.