स्वित्झर्लंडमध्ये म्हणे घरोघरी बंदूक

'स्वित्झर्लंडमध्ये सरकार घरोघरी बंदूक देतं, परवान्याची भानगड नाही, हवी तिथे घेऊन फिरा. शेजाऱ्यांकडे कडक कायदे, तरी शांतता मात्र इथेच. भारतातही प्रत्येकाला बंदूक द्या.' हा फॉरवर्ड काही केल्या मरत नाही.

घरोघरीचं आधी पाहू. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संशोधन संस्थेच्या 2017 च्या अंदाजानुसार तिथे दर शंभर माणसांमागे नागरिकांकडे 27.6 बंदुका होत्या. जर्मनी आणि फ्रान्समध्ये वीसच्या आसपास, इटलीत 14. आणि ऑस्ट्रियात 30! त्या बिचाऱ्या ऑस्ट्रियावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही.

सरकार बंदूक देतं ते सक्तीची लष्करी सेवा करणाऱ्यांना, आणि ती सक्ती फक्त पुरुषांना आहे. रायफल लष्कराच्या मालकीची. घरी ठेवता येते, पण 2007 च्या निर्णयानंतर तिच्यासोबतची काडतुसं घरी द्यायचं जवळपास बंद झालं. सेवा संपल्यावर ती स्वतःकडे ठेवायची असेल तर परवाना काढावा लागतो आणि तिचा स्वयंचलित मारा आधी बंद करून घ्यावा लागतो.

परवान्याची भानगड नाही, हे तर धादांत खोटं. 1999 पासून लागू असलेल्या शस्त्र कायद्यानुसार पिस्तूल घ्यायचं तर आधी कँटनकडून, म्हणजे तिथल्या प्रांताकडून, खरेदी परवाना लागतो. गुन्ह्यांची नोंद तपासली जाते. शिकारीच्या काही रायफलींना तो लागत नाही, एवढी सूट आहे. भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला वेगळा परवाना. त्यासाठी खरा धोका दाखवून परीक्षा द्यावी लागते. सामान्य माणसाला तो क्वचितच मिळतो. काही देशांच्या नागरिकांना तर बंदूक घ्यायलाच बंदी आहे, त्यात आपला शेजारी श्रीलंकाही आहे.

शेजाऱ्यांपेक्षा स्वित्झर्लंड सैल आहे, हे मात्र खरं. जर्मनीत 'बंदूक कशाला हवी' याचं उत्तर पुराव्यानिशी द्यावं लागतं: शिकारीचा परवाना, नाहीतर नेमबाजी क्लबात नियमित सराव. स्वित्झर्लंडमध्ये खेळ, शिकार किंवा संग्रह यासाठी कारण विचारत नाहीत. पण ही दरी कमी होते आहे. युरोपीय संघाचे कडक नियम स्वीकारायचे का, यावर मे 2019 मध्ये सार्वमत झालं, तेव्हा जवळपास 64 टक्के मतदारांनी होकार दिला. ते नाकारले असते तर शेंगेनमधून, म्हणजे सीमेवर तपासणीविना ये-जा करू देणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडायची वेळ आली असती, हेही त्यामागे होतंच.

उरली शांतता. 27 सप्टेंबर 2001 रोजी त्सुग प्रांताच्या विधिमंडळात शिरून एका माणसाने 14 जणांना गोळ्या घालून मारलं. खून तिथे कमी होतात, हे मान्य. पण बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत बहुसंख्य आत्महत्या असतात, आणि गुन्ह्यांच्या आकड्यांत त्या दिसत नाहीत. 2003-04 मध्ये लष्कर निम्म्यावर आलं, तशा बऱ्याच घरांतल्या रायफली गेल्या. त्यानंतर 18 ते 43 वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या घटल्या, आणि बंदुकीच्या ज्या आत्महत्या टळल्या, त्यांच्या बदल्यात थोडेच जण दुसऱ्या मार्गाकडे वळल्याचं संशोधकांना आढळलं.