बुद्धिबळ म्हणजे च्यवनप्राश नव्हे

जुलै 2025 मध्ये दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीला बुद्धिबळाचा महिलांचा विश्वचषक जिंकला, नागपुरात जल्लोष झाला, आणि चार दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज नव्या इमोजी लावून परत आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धिबळाने मुलांचा बुद्ध्यांक वाढतो, गणितात मार्क वाढतात, म्हणून तर अर्मेनियाने ते शाळेत सक्तीचं केलं, ग्रँडमास्टर 20 चाली पुढचं पाहतात, स्पर्धेच्या दिवशी बसल्या जागी 6,000 कॅलरी जाळतात, आणि खेळणाऱ्याला म्हातारपणी विस्मरणाचा आजार होत नाही. शेवटी अर्थातच, ‘आजच मुलांना क्लासला घाला.’

मी दर शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये पोरांना बुद्धिबळ शिकवतो, फुकट. म्हणजे मेसेज माझ्याच बाजूचा. तरी खोडतो आहे, कारण तो वाचून आलेले पालक सहामाहीचे मार्क बघतात आणि मुलाला उचलून अबॅकसला नेतात.

शेवटचे दोन मुद्दे आधी निकालात काढू. 6,000 कॅलरी म्हणजे साधारण दोन मॅरेथॉन धावण्याइतकी ऊर्जा. आपला मेंदू दिवसाला तीन-चारशे कॅलरी खातो, आणि डोकं कितीही तापवलं तरी त्यात किरकोळच भर पडते. ताणाने नाडी वाढते, झोप उडते, जेवण जात नाही, हे सगळं खरं. 1984-85 ची जगज्जेतेपदाची कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढत पाच महिने आणि 48 डाव चालून निकालाविना थांबवली, तोवर कार्पोव्ह वाळून गेला होता. पण त्यावरून कोणी वजन उतरवायला पट मांडू नये.

विस्मरणाच्या मुद्द्यामागे काहीतरी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये 75 वर्षांवरच्या 469 जणांवर सरासरी पाच वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नाच करणाऱ्यांत डिमेन्शिया कमी आढळला. पण ज्याची स्मृती आधीच हळूहळू चालली आहे तो खेळणंही आधीच सोडतो, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. शिवाय यादीत नाचही आहे. ‘आजोबांना नाचाच्या क्लासला घाला’ असा मेसेज मला अजून आलेला नाही.

आता गणित. याची नीट परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. 100 प्राथमिक शाळा, चार हजारांवर मुलं, वय साधारण नऊ-दहा. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडून निम्म्यांत शाळेच्याच वेळात सुमारे 30 तास बुद्धिबळ शिकवलं, निम्म्यांत नाही. वर्षभराने मुलांचे मार्क पाहिले. 2016 मध्ये निकाल आला: गणितात फरक नाही, वाचनात नाही, विज्ञानातही नाही. याआधीच्या काही छोट्या प्रयोगांत फायदा दिसला होता. पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बुद्धिबळाच्या वर्गाची तुलना काहीच जादा न मिळालेल्या वर्गाशी होती. जादा लक्ष कोणी कशाच्याही निमित्ताने दिलं, तरी मुलं थोडी खुलतातच. आणि अर्मेनिया? तिथे 2011 पासून हा विषय सक्तीचा आहे हे खरं. पण बुद्धिबळ त्यांचा लाडका खेळ. सोव्हिएत संघाकडून जगज्जेता झालेला पेट्रोस्यान अर्मेनियन वंशाचा. बुद्धिबळ ऑलिम्पियाडचं, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेचं, सुवर्ण त्यांनी तीनदा नेलं आहे. आपल्याकडे कुणी शाळेत कबड्डी सक्तीची केली तर त्यावरून कबड्डीने भूमिती सुधारते असं सिद्ध होईल का?

बुद्ध्यांकाचं तर उलटंच निघतं. बिलालिच या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 57 खेळणारी मुलं तपासली. बुद्ध्यांकाचा थोडा संबंध दिसला, सरावाचा बराच जास्त. त्यातली 23 तगडी मुलं वेगळी काढली, तर तुलनेने कमी बुद्ध्यांकाचीच वरचढ होती, कारण ती घासत जास्त होती.

राहिल्या 20 चाली, आणि मला खरं बोलायचंय ते इथेच. द ग्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ स्वतः ऑलिम्पियाड खेळलेला. त्याने जगज्जेत्या अलेखाइनसारख्या दिग्गजांपुढे पट ठेवला, मोठ्याने विचार करायला सांगितलं आणि ते बोलणं टिपून घेतलं. दिग्गज फार खोल जात असतील असं वाटलं होतं. क्लबातला बरा खेळाडूही जवळपास तितकाच खोल जात होता. फक्त दिग्गजांचं लक्ष सुरुवातीलाच योग्य चालींवर जायचं. पुढे 1973 मध्ये हर्बर्ट सायमन आणि विल्यम चेस (हो, आडनावच चेस) या अमेरिकी संशोधकांनी खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला. मास्टरने नवख्याच्या कितीतरी पट सोंगट्या बरोबर मांडल्या. मग सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या आणि मास्टरचा तोरा उतरला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही अचाट नव्हती. त्याला सुट्या सोंगट्या दिसतच नव्हत्या. दिसत होता किल्लेकोट केलेला (हत्तीच्या आडोशाला कोपऱ्यात नेलेला) राजा, पुढची तीन प्यादी आणि त्यांच्यावर रोखलेला उंट, असा एक ओळखीचा आकार. ‘महाराष्ट्र’ वाचताना आपण तरी अक्षरं कुठे जोडत बसतो? हा साठा हजारो डावांतून जमतो आणि तो बुद्धिबळाचाच असतो. बीजगणिताच्या पेपरात किल्लेकोट येत नाही.

साठा फसवतोही. एका प्रयोगात चांगल्या खेळाडूंना असे पट दिले की एक ओळखीची मात चटकन दिसावी आणि तिच्याहून छोटीही एक असावी. ओळखीची सापडल्यावर ते म्हणत, ‘आता दुसरी शोधतोय.’ नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राने दाखवलं की डोळे पहिल्याच घरांवर घुटमळत होते. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आमच्याकडे म्हणूनच नियम आहे: डाव वहीत लिहायचा, हरलेला डाव घरी पुन्हा मांडायचा, आणि जिथे चुकलं तिथे ‘मला काय वाटलं होतं’ हे एका ओळीत लिहायचं. फोनवर तपासायचं ते मागाहून. फोनमधलं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, चूक लगेच दाखवतं, पण ती तुम्ही का केलीत ते त्याला कुठून कळणार? एक मिनिटाच्या बुलेटचे 40 डाव खेळलेल्या मुलाला त्यातला एकही आठवत नाही, हे मी विचारून पाहिलंय.

डब्लिनमधल्या एका अभ्यासात दिसलं होतं की मास्टर आपली चाल ठरवताना ती मोडणारं उत्तर शोधतो; कच्चा खेळाडू समोरच्याला आपल्या सोयीचं खेळायला लावतो. सातवीतल्या एका मुलीने हे काहीही न वाचता वहीत लिहिलं, ‘इथे मला वाटलं, तो घोडा मारणार नाही.’ का वाटलं, असं विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कारण मारला असता तर माझा प्लॅन बसत नव्हता, दादा.”

तिच्या आईने जाताना विचारलंच, गणितात फरक पडेल ना? मी म्हटलं, मॅडम, त्यासाठी गणितं सोडवायला लावा. पुढच्या शनिवारी तिच्या डावात तसाच प्रसंग आला. हात घोड्यापर्यंत गेला, टेकला नाही. टेकला असता तर घोडाच खेळावा लागला असता. तिने हात मांडीखाली घेतला आणि उठून समोरच्याच्या मागे जाऊन उभी राहिली, पट उलट्या बाजूने बघायला.