उतारावर न्यूट्रल, स्प्रिंगमध्ये बफर: त्या मेसेजमधलं एकही वाक्य पाळू नका

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरातून गाड्या पचमढीला नाहीतर चिखलदऱ्याला निघतात, आणि व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. ‘मेकॅनिक हे सांगणार नाहीत’ अशी त्याची सुरुवात. पुढे चार सल्ले आहेत. उतारावर गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल लागतच नाही. घाटात क्लचवर पाय ठेवा, गिअरवर ताण येत नाही. गिअर ऑइल गाडीच्या जन्मात बदलावं लागत नाही. आणि गाडी ब्रेकरला घासत असेल तर स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका, शॉकअपचा खर्च वाचतो.

माझं नागपूरजवळच्या वाडीला 23 वर्षांपासून गॅरेज आहे. गेल्या मे महिन्यात ओळखीचं एक कुटुंब पचमढीहून मटकुलीकडे उतरत होतं. अर्ध्या घाटात ब्रेकचं पॅडल थेट तळाला गेलं. गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली म्हणून माणसं वाचली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा पुढच्या डिस्क निळ्या पडल्या होत्या, पॅडवर काचेसारखी चकाकी आली होती आणि ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. चालवणारा पोरगा म्हणाला, “भाऊ, न्यूट्रल करून उतरलो. मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं ना.” म्हणून हे लिहितोय.

न्यूट्रलची गोष्ट कार्ब्युरेटरच्या काळात खरी होती. तेव्हा इंजिन फिरेल तसं पेट्रोल ओढलं जायचं, त्यामुळे ते मंद केलं की थोडं वाचायचं. आजच्या इंजेक्टरच्या गाडीत हा हिशेब उलटा झालाय. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला आहे आणि इंजिन पुरेसं फिरतंय, एवढं दिसलं की गाडीतला कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. इंजिनाला तेव्हा चाकंच फिरवतात आणि पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल सोडावंच लागतं. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते, हे मी नाकारत नाही. पण घाट म्हणजे हलका उतार नव्हे.

घाटात ब्रेकवर काय येतं ते बघा. माणसं आणि सामान धरून 1300 किलोची गाडी 300 मीटर उंची उतरली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात नळाचं 13 लीटर पाणी उकळीला येईल. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. उरलेली न्यूट्रलमध्ये सगळीच्या सगळी डिस्क आणि पॅडवर जाते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकला मधेमधे थंड व्हायला वेळ मिळतो. पायाचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल, आणि ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट-3 दर्जाचं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेलं 140 अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाने दाबता ते बुडबुडे, ब्रेक नव्हे. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. त्यांनी आज थांबावं. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

क्लचवर पाय ठेवण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे, कारण उतारावर क्लच दाबणं म्हणजे न्यूट्रलच. अर्धा दाबला तर प्लेट घसरत जळते आणि क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग विनाकारण दाबाखाली फिरत राहतं. ‘गिअरवर ताण’ ही भीती कुठून आली ते कळतं. लोकांना वाटतं, दांडी ढकलली की गिअरचे दाते एकमेकांत घुसतात. गिअरबॉक्स उघडून बघितला तर पुढच्या सगळ्या गिअरचे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. दांडीने सरकते ती मधली स्लीव्ह, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणारी कडी. ती अडकण्याआधी एक पितळी रिंग घासून दोन्हीकडचा वेग जुळवते. त्या रिंगच्या आतून नख फिरवलं तर बारीक रेषा लागतात. रेषा गुळगुळीत झाल्या की गिअर टाकताना ‘कर्र’ होतं. म्हणजे झिजते ती रिंग, आणि तीही गिअर बदलताना. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरल्याने तिला काही होत नाही.

गिअर ऑइलबद्दल थोडक्यात. त्यात इंजिन ऑइलसारखी काजळी होत नाही, म्हणून ते जास्त टिकतं. पण धातूची पूड त्यातच राहते. बऱ्याच गाड्यांच्या ड्रेन नटाला चुंबक असतं. तो काढला की मिश्रीसारखा काळा लगदा बोटाला लागतो. ऑइल कधी बदलायचं आणि कोणत्या ग्रेडचं टाकायचं हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळा.

आता बफर. स्प्रिंग आणि शॉकअप ही दोन वेगळी कामं आहेत. वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळून वरखाली नाचत राहिली असती, ती नाचू न देणं हे शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. बफरने स्प्रिंगचे एक-दोन वेटोळे जाम होतात, म्हणून गाडी उचलल्यासारखी वाटते. पण स्प्रिंग कडक झाली आणि शॉकअप जुनाच राहिला. कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते, तिला आवरायला तो कमी पडतो, चाक रस्त्यावरून सुटतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी लांब जाऊन थांबते.

गाडी ब्रेकरला घासते त्याचं खरं कारण पुष्कळदा वेगळंच असतं. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाप्रमाणे ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे 25 च्या वेगाने आरामात ओलांडता येतो. आपल्या गल्ल्यांतले ब्रेकर या मापाचे नाहीत, हे मान्य. पण आपण ब्रेकरवर चढतानाही ब्रेक दाबूनच ठेवतो. त्याने गाडीचं नाक खाली जातं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, आणि मग खालून घासतं. वेग आधी कमी करा आणि चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडा.

पचमढीहून आलेल्या त्या गाडीतही मागे बफर होते. काढले तेव्हा डावा शॉकअप तेलाने ओला आणि धुळीने माखलेला निघाला. सील फुटून बरेच महिने झाले असावेत. एकच बदलला तर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत, म्हणून मागची जोडी बदलली आणि बफर भंगारात टाकले.