मातिसच्या हातातली ती मूर्ती

चित्रकलेच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: "1907 साली पिकासोनं पॅरिसच्या संग्रहालयात आफ्रिकन मुखवटे शोधून काढले. जंगलातल्या माणसांनी उपजत बुद्धीनं, काही न शिकता कोरलेल्या वस्तूंना त्यानं कलेचा दर्जा दिला. मातिस मात्र रंगांतच रमला, त्याचा आफ्रिकेशी संबंध नाही. खरं तर हे सगळे चित्रकार नक्कल करूनच मोठे झाले." माझ्या ओळखीच्या दोन कलाशिक्षकांनीही तो पुढे पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, पिकासोच्या 'शोधाची'. 1906 च्या शरद ऋतूत फ्रेंच चित्रकार आंरी मातिस पॅरिसमध्ये गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेच्या घरी निघाला होता. वाटेत, रू द रेन या रस्त्यावर, जुन्या-पुराण्या वस्तूंचं एक दुकान होतं. मातिसच्या आठवणीत त्याचं नाव 'पेर सोव्हाज', म्हणजे 'रानटी बाबा'. त्या काळी आफ्रिकेतून आलेल्या वस्तूंकडे कोणत्या नजरेनं पाहिलं जायचं, ते या नावातच आलं. दुकानाच्या काचेआड लाकडी मूर्ती मांडलेल्या असत. त्यांतली एक बसलेली छोटी मूर्ती त्यानं विकत घेतली. ती होती काँगोच्या लोआंगो किनाऱ्यावरच्या विली लोकांची. स्टाइनकडे तो ती दाखवत असतानाच पिकासो आला, आणि पिकासोचं या शिल्पांकडे लक्ष गेलं ते तेव्हा, असं मातिसनं पुढे सांगितलं. कवी माक्स जाकोबची आठवण थोडी वेगळी आहे: प्रसंग मातिसच्या घरच्या जेवणाचा, आणि पिकासो रात्रभर मूर्ती हातातून खाली ठेवायला तयार नाही. घर कुणाचंही असो, मूर्ती दाखवणारा दोन्ही आठवणींत मातिसच आहे.

त्याच वर्षी मातिसचा चित्रकार मित्र आंद्रे देरँ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली आफ्रिकन दालनं पाहून भारावला होता. गॅबॉनच्या फांग लोकांचा एक पांढरा मुखवटा त्यानं व्लामँक या दुसऱ्या चित्रकाराकडून विकत घेतला, तो आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. पोस्टमधलं पॅरिसचं संग्रहालय, म्हणजे पिकासो ज्या त्रोकादेरो संग्रहालयात गेला ते, 1878 साली स्थापन झालेलं. वस्तू तिथे लोकांसमोरच होत्या. ज्यांनी त्या घडवल्या, त्यांच्यासाठी तर त्या कधी हरवलेल्याच नव्हत्या. मग शोध कसला?

मातिसचा संबंध नाही, हे विधान मला सगळ्यात जास्त खटकतं. 1906 च्या मे महिन्यात तो अल्जीरियातल्या बिस्क्रा या मरूद्यानात जाऊन आला. पुढच्या हिवाळ्यात एका पहुडलेल्या स्त्रीचं मातीचं शिल्प करताना ते चौकीवरून कोसळलं. वैतागून त्यानं तीच आकृती कॅनव्हासवर घेतली. ते चित्र म्हणजे 'ब्लू न्यूड' (निळी विवस्त्रा), आता अमेरिकेत बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. त्यातला वर उचललेला नितंब, पिळलेलं धड, निळ्या सावल्यांनी कोरल्यासारखे अवयव पाहा. हे शरीर मॉडेल समोर बसवून उतरवलेलं नाही, लाकूड तासत जावं तसं ते घडवलेलं आहे. 1913 मध्ये शिकागोत कलेच्या विद्यार्थ्यांनी या चित्राची प्रतिकृती जाळली. त्याच वर्षी मातिसनं बायकोचं व्यक्तिचित्र केलं, शंभराहून जास्त बैठका घेऊन. डोक्यावर टोपी, गळ्यात स्कार्फ, आणि चेहरा राखाडी. भुवया दोन कमानी, डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा. गॅबॉनच्या पुनू लोकांच्या पांढऱ्या मुखवट्यांशी अभ्यासकांनी त्याची तुलना केली आहे. रशियातल्या एर्मिताज संग्रहालयातल्या या चित्रापुढे 'मातिस म्हणजे नुसता रंग' हे वाक्य टिकत नाही.

मग नक्कल का नाही? मातिसनं ती विली मूर्ती 1907 मध्ये एका स्थिरचित्रात जशीच्या तशी रंगवायला घेतली आणि चित्र अर्धवट सोडून दिलं. तिचं बाह्यरूप उचलून त्याचं भागत नव्हतं. त्याला काय मिळालं, ते त्यानं 1941 च्या एका मुलाखतीत सांगितलं आहे: युरोपीय शिल्पकार स्नायूंपासून, वस्तूच्या वर्णनापासून सुरुवात करतो, ही शिल्पं मात्र लाकडाच्या स्वभावाप्रमाणे, स्वतः रचलेल्या पातळ्या आणि प्रमाणांतून उभी राहतात. म्हणजे तो शिकत होता, आणि शिकवणारा एक लोआंगोचा कारागीर होता, ज्याचं नाव दुकानदारानं लिहून ठेवलं नाही. फ्रेंच वसाहतीतल्या वस्तू पॅरिसच्या फुटपाथपर्यंत स्वस्तात पोचत होत्या म्हणूनच ही शिकवणी घडली, आणि पोस्टमध्ये खरा राग यायला हवा होता तो या गोष्टीचा.

राहिलं ते 'काही न शिकता'. काँगोच्या कासाई भागातल्या कुबा लोकांचं राफियाचं कापड घ्या. राफिया माडाच्या पानांचे धागे काढून पुरुष कापड विणतात, भरतकाम बायका करतात. सुईतला धागा विणीच्या एका तंतूखालून ओवून वर काढायचा, गाठ मारायची नाही, आणि लहान सुरीनं दोन्ही टोकं अगदी जवळ कापायची. दुसऱ्या टाक्याला पुन्हा तेच. अशा हजारो टाक्यांनी मखमलीसारखी लव उभी राहते. आधी आखणी नसते, नक्षी मनात असते. चौकटींमागून चौकटी चालल्या असताना मध्येच एक ओळ तिरकी होते, रुंदी बदलते, आणि तरी सगळं तोललेलं राहतं. एका कापडाला महिने लागतात, आणि हात तयार व्हायला वर्षं.

मातिसला हे कळायला वेळ लागला नसणार. तो वाढला बोएँ या विणकरांच्या गावात, घराण्यातही विणकर होऊन गेलेले. कुबा कापडं त्यानं वर्षानुवर्षं जमवली, त्यांना तो मखमलच म्हणायचा. दक्षिण फ्रान्समधल्या व्हाँस गावातल्या घरात, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा बराच वेळ अंथरुणात जात असे, तेव्हा ती कापडं समोरच्या भिंतीवर लावलेली होती. हातात कात्री होती, आणि रंगवलेल्या कागदाचे आकार एकेक करून खाली पडत होते.