सही झाली म्हणून करार लागू होत नाही : लॉ प्रवेश परीक्षेच्या एका मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. एक चोपड्याचा, एक साक्रीचा, दोघं आमच्या अमळनेरच्या अभ्यासिकेतलेच. मथळा : 'आंतरराष्ट्रीय संघटना व करार, एका रात्रीत'. खाली पाच नियम. एक, मुख्यालय आणि स्थापना वर्ष पाठ केलं की विषय संपला. दोन, देशाने सही केली की करार बंधनकारक. तीन, भारताने स्वीकारलेला करार हा भारतातला कायदाच. चार, संयुक्त राष्ट्रांचा ठराव सगळ्या देशांना पाळावा लागतो. पाच, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय कोणालाही शिक्षा देऊ शकतं. शेवटी जोड म्हणून : 'हा विषय आपल्या भागाशी संबंधित नाही, जास्त वेळ घालवू नका.'

मी दिवसा कोर्टात असतो, संध्याकाळी या मुलांबरोबर बसतो. त्यातला एक मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, हाई तं मनं पाठ शे." तिथेच पोटात गोळा आला.

पहिला नियम अगदीच टाकाऊ नाही. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत सरळ प्रश्न येतात, पेपर मराठीतूनही देता येतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे सार्कचं सचिवालय काठमांडूला आणि आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं गुरुग्रामला, हे माहीत असलं तर एखादा गुण पदरात पडतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेचं तसं नाही. तिथे उतारा देतात, त्यावर प्रश्न विचारतात, आणि चुकलं की पाव गुण जातो. शिवाय नुसती यादी फसवते. हेग म्हटलं तर कोणती संस्था? आंतरराष्ट्रीय न्यायालय हेगला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हेगला, 1899 च्या करारातून आलेलं स्थायी लवाद न्यायालयही हेगलाच. जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक व्यापार संघटना शेजारी शेजारी आहेत. पहिल्या दोन संयुक्त राष्ट्रांच्या विशेषीकृत संस्था, तिसरी नाही. ब्रिक्सला तर मुख्यालयच नाही. शांघायला आहे ती ब्रिक्स देशांनी काढलेली न्यू डेव्हलपमेंट बँक. पत्ता पाठ आणि घरात कोण राहतं ते माहीत नाही, असा हा प्रकार.

दुसऱ्या नियमासाठी एकच उदाहरण पुरे. छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली. अनुसमर्थन, म्हणजे 'आम्ही याला बांधील आहोत' अशी पक्की मान्यता, अजून दिलेली नाही. त्यासाठी लागणारं विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि शेवटी बारगळलं. म्हणून भारत आजही त्या कराराचा पक्षकार नाही. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर साखरपुडा झाला, लग्न राहिलं. साखरपुड्यालाही अर्थ असतो म्हणा. सही केलेल्या देशाने कराराच्या मूळ हेतूलाच सुरुंग लावू नये, असं 1969 च्या व्हिएन्ना कराराचं अनुच्छेद 18 सांगतं. (करारांविषयीच्या या कराराचाही भारत पक्षकार नाही. परीक्षा घेणाऱ्याला अशा गमती फार आवडतात.) सीटीबीटीचं आणखी वेगळं. अणुचाचणीबंदीचा तो करार 1996 पासून लोंबकळतो आहे, कारण परिशिष्टातल्या सगळ्या 44 देशांनी अनुसमर्थन केल्याशिवाय तो लागूच होत नाही. भारताने तर त्यावर सहीही केलेली नाही.

तिसऱ्या नियमावर मात्र थांबायला हवं. सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

आपल्याकडे करार करणं हे केंद्र सरकारचं काम आहे. त्याला संसदेची आधी परवानगी लागत नाही. अमेरिकेत सिनेटचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं, तसं इथे नाही. पण म्हणूनच तो करार तुमच्या-माझ्यावर आपोआप लागूही होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 प्रमाणे संसद कायदा करते, आणि मग तो कोर्टात चालतो. विषय राज्य सूचीतला असला तरी करारासाठी संसदेला असा कायदा करता येतो, हे लक्षात ठेवा.

रावेर-यावलच्या केळीचंच बघा. जागतिक व्यापार संघटना 1 जानेवारी 1995 ला सुरू झाली. तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला. त्यात भौगोलिक मानांकनाला संरक्षण द्या असं होतं, आणि जे नाव मायदेशातच संरक्षित नाही ते जपण्याचं बंधन इतर देशांवर नाही, असंही होतं. म्हणजे घरात कायदा नसेल तर बाहेर तक्रार करायला जागाच नाही. मग संसदेने 1999 चा भौगोलिक मानांकन कायदा केला, तो 2003 मध्ये लागू झाला. त्या कायद्याखाली 2016 मध्ये जळगाव केळी आणि जळगावच्या भरीत वांग्याला मानांकन मिळालं. 1995 च्या करारावर बोट ठेवून आपल्या शेतकऱ्याला इथल्या कोर्टात काहीही मागता आलं नसतं. 1999 च्या कायद्यावर मागता येतं.

मग कायदा होईपर्यंत करार कपाटातच पडून राहतो का? तसंही नाही. 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. हुकूमनाम्याचे पैसे फेडले नाहीत म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकावं का, असा प्रश्न. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो की केवळ कराराची देणी फेडता येत नाहीत म्हणून कोणाला कैद करू नका. भारत त्यात 1979 मध्ये सामील झाला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा आशय असा : हा करार थेट आपला कायदा होत नाही, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 51 वाचताना तो नजरेसमोर ठेवा. पैसे नाहीत, एवढ्यावर तुरुंग नाही. पैसे असून दडवले, देण्यात खोट दाखवली, तर गोष्ट वेगळी. कर्जाच्या नोटिसा घेऊन माझ्याकडे येणाऱ्या माणसांना मी हा खटला आजही सांगतो. पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या 1997 च्या विशाखा निकालात कायद्याची जागा रिकामी होती, ती न्यायालयाने महिलांविषयीच्या सीडॉ कराराचा आधार घेऊन भरली. संसदेचा कायदा 2013 मध्ये आला.

चौथा नियम अर्धाच खरा आहे. महासभेचे ठराव ही साधारणपणे शिफारस असते. संस्थेचा अर्थसंकल्प वगैरे अंतर्गत बाबी सोडल्या तर त्यांनी कोणावर सक्ती होत नाही. सुरक्षा परिषदेचा निर्णय मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या अनुच्छेद 25 प्रमाणे पाळावा लागतो. 2022 चं युक्रेन आठवा. 25 फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरला. 2 मार्चला महासभेत 141 देशांनी रशियाने सैन्य मागे घ्यावं असं म्हटलं, भारत तटस्थ राहिला. सैन्य मागे गेलं नाही.

पाचव्यात दोन न्यायालयांची सरमिसळ झाली आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश विरुद्ध देश असा खटला चालतो, तोही दोघांची संमती असेल तरच. माणसावर खटला चालवतं ते फौजदारी न्यायालय, 2002 पासूनचं, आणि भारत त्याचा सदस्य नाही. पाकिस्तानने फाशीची शिक्षा दिलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारत हेगला जाऊ शकला, कारण वाणिज्यदूत संबंधांच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराला जोडलेला, वाद या न्यायालयात नेऊ देणारा एक ऐच्छिक जोडकरार दोन्ही देशांनी मान्य केला होता. 17 जुलै 2019 च्या निकालात पाकिस्तानने त्या कराराचं अनुच्छेद 36 (अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या वाणिज्यदूताला भेटू द्या) मोडल्याचं ठरलं आणि शिक्षेचा फेरविचार करा असा आदेश झाला. सुटकेचा आदेश झाला नाही. त्या दिवशी आपल्याकडे 'सुटले, सुटले' म्हणून पेढे वाटलेले मी पाहिलेत.

आता शेवटची ओळ, 'आपल्या भागाशी संबंध नाही'.

मणिबेली कुठे आहे? आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी. 1998 आधी तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी 1985 मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केलं. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बुडिताखाली येणार होती. गावं उठायला तयार नव्हती. ओरड इतकी वाढली की बँकेला 1991 मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र समीक्षा नेमावी लागली. 1992 च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनाचे वाभाडे काढले. आदिवासींविषयीचा कामगार संघटनेचा 107 क्रमांकाचा करार भारताने 1958 मध्येच मान्य केला होता, त्याचीही त्यात चर्चा होती. मार्च 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्ज नको असं कळवलं. त्याच वर्षी बँकेने स्वतःचं तपासणी पॅनेल स्थापन केलं. धरण थांबलं नाही, गावंही वाचली नाहीत. पण त्या पॅनेलचं दार कोणाला उघडं आहे ते पाहा. हेगच्या न्यायालयात खटला घेऊन फक्त देश जाऊ शकतो. पॅनेलकडे बँकेच्या प्रकल्पाने नुकसान झालेली दोन माणसंसुद्धा तक्रार करू शकतात.